चोवीस खाचा

विहिरी तळाला गेल्या की मोटारी जळायला लागतात. पाणी खाली गेलं म्हणून कुणी लगेच मोटार बंद करत नाही. अजून थोडं येईल, अजून थोडं येईल म्हणत जो तो चालूच ठेवतो. त्यात वीज दुपारची चार तास, आणि तीही अशक्त. मोटार घुरघुरते, तापते आणि मग तिच्या पोटातून करपल्याचा वास येतो. त्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या दुकानात अशा एकोणीस मोटारी ओळीने जमिनीवर पडल्या होत्या. विसावी साखळीवर टांगलेली होती आणि साखळी घसरली.

मिस्त्रीचा उजवा हात खाली होता.

डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले.

"सहा दिवस म्हणा," मिस्त्री म्हणाला.

"हाड तुमचं ऐकत असेल तर सहा दिवस," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घर आणि दुकान एकाच छपराखाली. पुढे शटरची लांब खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगण. दुकानात मिस्त्रीखेरीज दोघं काम करत. एक त्याची भावजय. धाकटा भाऊ गेला त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती दुकानात जळक्या तारा उपसायला बसत होती. घरात तिला धाकटी म्हणत, आणि मग गिऱ्हाइकंही धाकटीच म्हणू लागली. दुसरा डावरा. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक असेल. चार वर्षांपूर्वी कामाला लागला तेव्हा त्याने पाना डाव्या हातात धरला, आणि त्या क्षणापासून तो डावरा झाला. मोटार उचलणं, खोलणं, धुणं, रंग देणं, विहिरीत उतरवणं ही त्याची कामं. मोटारीत नवी तार भरायचं काम, ज्याच्यासाठी लोक दहा दहा मैलांवरून यायचे, ते एकटा मिस्त्री करायचा. आणि भरलेल्या तारांची जोडणी करायची वेळ आली की तो शटर अर्धं खाली ओढायचा.

त्यालाही कारण होतं. बस थांब्यासमोर जे नवं दुकान होतं, त्याचा मालक सहा वर्षं मिस्त्रीच्याच हाताखाली होता. एका सकाळी कामावर आला नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्याची पाटी लागली. तेव्हापासून शटर.

तीन दिवस मिस्त्री स्टुलावर नुसता बसून राहिला. गिऱ्हाइकं येत, प्लास्टरकडे बघून चुकचुकत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपापली मोटार शोधत. दोघांनी आपल्या मोटारी उचलल्या आणि बस थांब्याच्या दिशेने नेल्या. जाताना दोघांनीही, "वाईट वाटून घेऊ नका, पण रान जळतंय," असं म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी जेवताना त्याची बायको, घरातली थोरली, म्हणाली, "अहो, हात मोडलाय. तोंड शाबूत आहे ना? त्या दोघांना सांगा. ते करतील."

"सांगून येतं का ते? मला कुणी सांगितलं होतं? उस्तादाकडे पाच वर्षं झाडलोट केली, त्याच्या पाठीआडून डोकावून शिकलो. दिसलो की पक्कड फेकून मारायचा."

"मग उस्तादाचं चुकलं. तुम्हीही तसंच चुकायचं, असा काही कागद लिहून दिलाय का त्याला?"

मिस्त्रीने ताट जवळ ओढलं. तो डाव्या हाताने भात खात होता. निम्मा मांडीवर सांडत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने शटर उघडलं आणि दोघांना हाक मारली. मोटारीचं लोखंडी कवच मधे ठेवलं. आतल्या पोकळीत गोलाकार चोवीस खाचा, प्रत्येक खाचेत आधी पिवळा जाड कागद, मग तांब्याच्या तारेचं भेंडोळं, वरून बांबूची पट्टी. कागद कापायचं काम धाकटीला दिलं आणि तार गुंडाळायच्या हातमशीनवर डावऱ्याला बसवलं.

"हे असं," मिस्त्री प्लास्टरने हवेत काहीतरी दाखवत म्हणाला.

"असं म्हणजे कसं?" डावऱ्याने विचारलं.

"असं म्हणजे असं!"

"म्हणजे कसं, मिस्त्री?"

"अरे, डोळे आहेत की बटणं? असं!"

दुपारपर्यंत त्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायला लागला. धाकटीने कागद कापला की तो म्हणे आखूड झाला. लांब कापला की म्हणे दुमडतो. किती हवा ते मात्र त्याला सांगता येईना, कारण त्याने तो कधी मोजलाच नव्हता. त्याचा अंगठा मोजायचा. डावरा डाव्या हाताने दांडा फिरवायचा, म्हणून तार उलटीकडून गुंडाळली जायची. मिस्त्रीने दोनदा ते भेंडोळं हिसकून फेकलं.

"उलटं! चार वर्षं बघतोय, तुझा हातच उलटा. म्हणून तुला मशीनला हात लावू दिला नाही."

संध्याकाळी हिशेब असा होता: कागदाची एक गुंडाळी वाया, तीन भेंडोळ्यांच्या तारांवरचं लाखेचं आवरण खरवडलेलं, आणि भरून झालेली मोटार एकही नाही. डावरा हात न धुताच निघून गेला.

थोरली चहा घेऊन आली. "डॉक्टर चुकले," ती म्हणाली. "प्लास्टर हातापेक्षा तोंडाला घालायला हवं होतं."

कोपऱ्यात तारा गोळा करणाऱ्या धाकटीने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मिस्त्रीने दोघींकडे रागाने पाहिलं आणि चहा तसाच ठेवून आत गेला.

सकाळी तो शर्टाची बटणं लावत उभा होता. डाव्या हाताने एकट्याने बटण काजात घालणं त्याला अजून जमत नव्हतं. गळ्याजवळचं बटण चौथ्यांदा निसटलं तेव्हा थोरलीने पुढे होऊन ते पकडलं.

"सोड!" तो ओरडला. "तू लावलंस तर मला कसं येईल?"

थोरलीने हात मागे घेतला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग खाली मान घालून पुन्हा बटणाशी झटायला लागला. लागलं. बराच वेळ गेला, पण लागलं.

दुकानात आल्यावर तो दोघांना म्हणाला, "आज मी मधे हात घालणार नाही."

"घालणार तरी कसा?" डावरा पुटपुटला.

"डावासुद्धा नाही. आणि ओरडणारही नाही."

डावऱ्याने धाकटीकडे पाहिलं.

मिस्त्री स्टुलावर बसून नुसतं बघत राहिला. धाकटी रोजच्यासारखी नवीन आलेली जळकी मोटार उपसत होती. छिन्नीने तारांची एक बाजू तोडायची, कवच फिरवायचं, दुसऱ्या बाजूने पक्कड लावून एकेका खाचेतली जुडी ओढून काढायची. तिच्या नखांत वर्षानुवर्षांची काजळी बसली होती. ओढता ओढता ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "ही दोनच वायरींवर चाललेली दिसते."

"काय म्हणालीस?"

ती दचकली. अकरा वर्षांत दिराने तिच्याशी हे काढ, ते ठेव, किती निघाले, याच्यापलीकडे काही बोलणं केलं नव्हतं. "काही नाही, भाऊजी."

"नाही, सांग. तुला कसं कळलं?"

"सहा गट असतात ना तारांचे. हिचे दोन काळे ठिक्कर आहेत, चार अजून लाल. म्हणजे स्टार्टरजवळ तीनपैकी एक वायर सुटली असणार. कोरडी चालली असती तर सगळे सारखे काळे पडले असते."

"आणि वेढे किती?"

"अठ्ठेचाळीस. निळ्या रंगाच्या मोटारींना अठ्ठेचाळीसच असतात. हिरव्यांना बावन्न. लहान हिरवीला त्रेसष्ट."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच रोज विचारता, किती निघाले म्हणून. अकरा वर्षं मोजतेय."

मिस्त्री स्टुलावरून उठला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. प्लास्टर मांडीवर घेतलं. "मग मला सांग, हिच्यातून पहिल्यांदा काय निघतं?"

"पट्टी."

"मग?"

"मग तार. मग कागद."

"कागद खाचेबाहेर किती येतो?"

तिने करंगळीचं पहिलं पेर दाखवलं. "एवढा. आणि त्याचा काठ बाहेरून दुमडलेला असतो."

"काल मी तुला हेच सांगायला दिवसभर बोंबलत होतो."

"काल तुम्ही भरताना सांगत होतात," धाकटी म्हणाली. "मला काढताना माहीत आहे."

"मग उलटीकडून चल. जे शेवटी काढतेस ते आधी घाल. फक्त एक कर. हात लावायच्या आधी काय करणार ते तोंडाने बोल. चुकीचं बोललीस तर मी थांबवीन. हात चुकला तर तार जाते. तोंड चुकलं तर काही जात नाही."

त्या दिवशी दुकानात दोघांचं बडबडणं सुरू झालं. "आता कागद कापतेय, चार बोटं आणि एक पेर." "आता दोऱ्याने बांधतोय, मग लाकडी फर्म्यावरून काढणार." रस्त्यावरून जाणारे थांबून आत बघायचे. डावऱ्याचं भेंडोळं पुन्हा उलटंच झालं. मिस्त्रीने ओठ आवळून धरले. धाकटीने ते भेंडोळं हातात घेतलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं आणि पालथं केलं.

"पालथं घातलं की सुलटं होतंय, भाऊजी."

मिस्त्रीने ते घेतलं. बोटाने तारेचा माग काढला. सुलटंच होतं. कोऱ्या कापडासारखं सुलटं. त्याने डावऱ्याकडे पाहिलं.

"लेका, चार वर्षांत हे मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार?" डावरा म्हणाला. "तुम्ही हाणायच्या आधी की नंतर?"

आत स्वयंपाकघरात भांडं घासायचा आवाज थांबला. थोरली ऐकत असावी. मिस्त्री आधी गोरामोरा झाला आणि मग एकदम हसला, इतका की प्लास्टरमधला हात ठणकला.

पहिली मोटार चार दिवसांनी भरून झाली. ती मळेवाल्याची होती. नदीकाठी त्याचा भाजीचा मळा होता आणि तो रोज सकाळी येऊन मोटारीशेजारी उकिडवा बसायचा. जोडणीच्या वेळी मिस्त्रीचा डावा हात सवयीने शटरकडे गेला. त्याने ते अर्धं ओढलं आणि अंधुक उजेडात धाकटीला भराभर सांगत गेला, हे टोक त्याला, ते टोक याला. तिने तशी जोडली. शटर वर गेलं, वीज आली, बटण दाबलं. मोटार फिरली. मळेवाल्याचा चेहरा खुलला. धाकटीने डावऱ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात फट् झालं. निळी ठिणगी उडाली, धूर आला, आणि दुकानभर तोच वास पसरला.

मळेवाला उठून उभा राहिला. "माझी मोटार या बाईच्या हातात दिलीस?"

धाकटीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझ्या दुकानात जळली," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे माझ्या हातून जळली."

"तुझा हात तर गळ्यात बांधलाय! लोकांच्या रानावर शिकवण्या घेतोस काय? ही तार उपसणारी. हिने तार उपसावी."

"परवा संध्याकाळी मोटार घेऊन जा. तुझा मळा दोन दिवस माझ्या घरच्या मोटारीवर चालव. डावरा आत्ता लावून देईल."

मळेवाला बडबडत गेला. डावरा घरामागच्या विहिरीवरची मोटार काढायला गेला, म्हणजे दोन दिवस थोरलीला दोराने पाणी शेंदावं लागणार होतं. तिने बादली घेतली आणि निघाली.

दुकानात दोघंच उरली. धाकटी तशीच उभी होती.

"उघड," मिस्त्री म्हणाला. "खाच शोध."

तिने पट्ट्या काढल्या. सातव्या खाचेत कागद आत सरकला होता. तार लोखंडाला लागून काळी पडली होती.

"का सरकला?"

"इथे काठ दुमडायचा राहिला."

"बोलली होतीस दुमडायचं?"

"सहा खाचांना बोलले. सातव्याला मळेवाले काहीतरी विचारत होते."

"आता विसरशील?"

"मेल्यावरसुद्धा नाही."

"झालं तर मग. मी पहिल्या वर्षी तीन जाळल्या होत्या. उस्तादाने कानशील लाल केलं, पण खाच कधी दाखवली नाही. तिन्ही वेळा एकाच कारणाने जळल्या."

धाकटी तारा उपसायला खाली बसली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, एक बोलू? जोडणी मी केली, पण मला कळली नाही. तुम्ही म्हणालात ते टोक धरलं. शटर खाली असलं की मला दिसत नाही."

मिस्त्रीने शटरकडे पाहिलं. मग उठला, शटरखाली डावा खांदा लावला आणि ते वर ढकललं. पार वर, जिथे ते कितीतरी वर्षांत गेलं नव्हतं. वरून गंजाचा चुरा त्याच्या डोक्यावर पडला.

"बस इकडे. डावरा आला की त्यालाही बसव. एकदाच सांगणार नाही, दहादा सांगीन."

जोडणी त्याने अशी सांगितली: प्रत्येक गटाला एक तोंड आणि एक शेपूट. तार जिथून गुंडाळायला सुरुवात केली ते तोंड, त्याला पिवळी नळी. संपली ते शेपूट, त्याला काळी नळी. समोरासमोरच्या दोन गटांची जोडी. शेपूट शेपटाला बांधायचं, तोंडं बाहेर काढायची. सहा गट, तीन जोड्या, सहा तोंडं बाहेर. बस.

"एवढंच?" डावऱ्याने विचारलं.

"एवढंच."

"यासाठी शटर ओढायचात?"

"हो," मिस्त्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग त्याने पेटीतून लोखंडाचा एक छर्रा काढला, गोटीएवढा. मोटारीचं मधलं फिरतं लोखंड काढून ठेवायचं, विजेचा दाब कमी करायच्या डब्यातून अगदी थोडी वीज द्यायची आणि हा छर्रा पोकळीत सोडायचा. जोडणी बरोबर असली तर छर्रा आपोआप खाचांवरून गोल गोल पळतो. एक गट जरी उलटा लागला तरी जागच्या जागी थरथरतो. मळेवाल्याची मोटार दुसऱ्यांदा भरून झाली तेव्हा धाकटीने स्वतः छर्रा सोडला. तो एकदा डळमळला आणि मग पळायलाच लागला, खरर्र आवाज करत, इतका वेगात की नुसती चकचकीत रेघ दिसत होती. डावरा पालथा पडून बघत राहिला. मिस्त्रीने दोनदा सांगितलं तरी तो वीज बंद करीना.

त्यानंतर काम लागलं ते लागलंच. सकाळी सातला बसायचं, ऊन पत्र्यावर आलं की ओलं पोतं वर टाकायचं आणि पुन्हा बसायचं. धाकटीच्या बोटांना कागदाच्या धारेने चिरा पडल्या. ती त्यांना तेल लावून चिंधी बांधायची. डावऱ्याच्या डाव्या तळहातावर दांड्याचा घट्टा आला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला तो घट्टा दाखवायचा. मिस्त्री कमी बोलायला शिकला. एखादी चूक होताना दिसली की तो "पुढे काय?" एवढंच विचारायचा, आणि ज्याला विचारलं तो थांबून मागे वळून बघायचा. आधी दोन दिवसांत एक मोटार, मग दिवसाला एक. जमिनीवरची ओळ आखूड व्हायला लागली. ज्या दोघांनी मोटारी बस थांब्याकडे नेल्या होत्या, त्यातला एक दुसरी मोटार घेऊन परत आला. धाकटी भरते असं कळल्यावर तो क्षणभर घुटमळला, मग मोटार ठेवून गेला.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी पाणीवाला आला. सगळ्या वस्तीच्या नळांचे कॉक तोच फिरवायचा. त्याच्या हातगाडीवर वस्तीच्या विहिरीची मोटार होती, मोठी, राखाडी. गाडी ढकलून त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

"टाकीत आजचं पाणी आहे," तो म्हणाला. "उद्याचं नाही. मिस्त्री, खरं सांगा. होणार असेल तर इथे उतरवतो. नाहीतर असाच बस थांब्यावर जातो. चारशे घरं आहेत. प्रयोग करायची ही मोटार नाही."

मिस्त्रीने धाकटीकडे पाहिलं. "होईल का?"

पाणीवाल्याला हे विचित्र वाटलं. धाकटीने मोटारीच्या तोंडाशी नाक नेलं, आत बोट घातलं, काजळी बघितली. "सगळी जळलीय. आज उपसायची, उद्या भरायची, उद्या संध्याकाळी लाखेत बुडवून रात्रभर भट्टीत तापवायची. परवा दुपारी वीज येते तेव्हा विहिरीत." मग तिने थोडा विचार केला. "एक दिवस टँकर मागवावा लागेल."

"परवा दुपारी," मिस्त्री पाणीवाल्याला म्हणाला. "तिने सांगितलं म्हणजे परवा दुपारी."

दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं एक एक करून दुकानासमोर यायला लागली. रिकामे हंडे घेऊन टँकरच्या रांगेला जाता जाता थांबायची, आत बघायची. कुणी म्हणे, "चाललंय का?" कुणी म्हणे, "मिस्त्रीचा हात कधी बरा होणार?" मळेवालाही आला आणि दारात उभा राहिला. मोटार मोठी, म्हणून तारही जाड होती. वाकवायला जोर लागत होता. डावरा एका मागोमाग एक गट गुंडाळून देत होता, धाकटी भरत होती. तिची बडबड आता हलक्या आवाजात चालायची, ओठ तेवढे हलायचे. चारच्या आत, वीज जायच्या आधी, छर्रा फिरायला हवा होता.

साडेतीनला तिने शेवटचं शेपूट बांधलं आणि छर्रा सोडला.

तो थरथरला. जागच्या जागी टकटकला आणि थांबला.

दारातल्या मळेवाल्याने पाय बदलला. डावऱ्याच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. मिस्त्री स्टुलावरून अर्धा उठला. चूक त्याला तिथूनच दिसली होती. डाव्या बाजूच्या तिसऱ्या गटाकडे त्याची नजर गेली आणि तिथेच अडकली. बोट दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. वीज जायला अर्धा तास राहिला होता, बाहेर हंडे घेऊन बायका उभ्या होत्या. त्याने डावा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसला.

"पुढे काय?" तो म्हणाला.

धाकटीने वीज बंद केली. पदराने चेहरा पुसला. "छर्रा थरथरतोय, म्हणजे एक गट उलटा आहे."

"कुठला?"

"ते माहीत नाही. शेपटं मी बघून बांधली. सगळ्या काळ्या नळ्या काळ्यांना आहेत." ती थांबली. "मग बांधण्यात चूक नाही. चूक असली तर भरण्यात आहे." ती मोटारीभोवती गुडघ्यांवर सरकत गेली आणि प्रत्येक पिवळी नळी बोटाने मागे मागे नेत खाचेपर्यंत पोचली. "डाव्या खाचेतून. डाव्या. डाव्या." बोलता बोलता तिचं बोट थांबलं. "ही उजव्या खाचेतून निघतेय."

डावरा जवळ आला. "माझं भेंडोळं," तो म्हणाला. "हे पालथं घालायचं मी सांगितलं नाही."

"मीही बघितलं नाही," धाकटी म्हणाली.

"आता सगळं उपसायचं?" मळेवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

धाकटीने मान हलवली. "उपसायचं कशाला? गट उलटा बसलाय. मग त्याचं तोंड तेच शेपूट धरायचं आणि शेपूट तेच तोंड. नळ्या बदलून पुन्हा बांधलं की झालं." तिने मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने भुवईसुद्धा हलवली नाही. तिने वळून डावऱ्याला सांगितलं, "कात्री दे."

चारला दहा मिनिटं कमी असताना तिने दुसऱ्यांदा छर्रा सोडला. तो पळाला. खरर्र आवाज दारापर्यंत गेला. बाहेरची एक म्हातारी हंडा खाली ठेवून आत डोकावली. "काय गं ते?" तिने विचारलं. "बरोबर झाल्याचा आवाज आहे, आजी," डावरा म्हणाला.

मिस्त्रीने मांडीखालचा हात काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाखेचा चकाकता थर चढलेली मोटार हातगाडीवर चढली. पाणीवाला म्हणाला, "मिस्त्री, चला. उतरवताना तुम्ही असलेलं बरं."

"मी कशाला? त्या दोघांना माहीत आहे. मी आलो तर उगाच माझ्या तोंडाकडे बघत बसतील."

गाडी निघाली. पुढे डावरा ओढत होता, मागून धाकटी एक हात मोटारीवर ठेवून चालत होती. थोरली दारात येऊन ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि मग आत गेली. मिस्त्री स्टुलावर बसला. बारा वाजले. वीज आली, डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. साडेबारा झाले. तो उठला, ओळीतल्या मोटारींच्या पाट्या उगाच नीट केल्या, परत बसला. पाऊणच्या सुमाराला रस्त्याच्या कडेच्या नळाने खोकल्यासारखं केलं. हवा आली, लाल पाण्याची चिळकांडी आली, पुन्हा हवा. मग धार लागली. कोणीतरी बाई गल्लीत ओरडली आणि लगोलग सगळीकडून भांड्यांचे आवाज यायला लागले.

थोरली भिजलेले हात पदराला पुसत बाहेर आली. दोघं एकमेकांकडे बघून हसली.

थोड्या वेळाने दुकानासमोर एक गाडी थांबली. लांबच्या गावचा माणूस दिसत होता, अंगभर धूळ, मागे करपलेली हिरवी मोटार. त्याने आत डोकावलं. प्लास्टर घातलेल्या माणसाकडे एक नजर टाकली आणि दुकानात आणखी कुणी दिसतं का ते बघत राहिला.

"मिस्त्री आहेत का?"

"मिस्त्री विहिरीवर गेलीय," मिस्त्री म्हणाला.

"गेलीय?"

"हो. येईलच आता. कधी होईल ते तिलाच विचारा." त्याने डाव्या हाताने स्टूल पुढे सरकवलं. "तोवर बसा. नळाला पाणी आलंय, तोंड धुऊन घ्या."